नडगी दुखतीय म्हणून टेप लावायची, पण कुठं आणि कशी? खो-खोच्या मुलींसाठी सविस्तर उत्तर

मॅडम, तुमचा प्रश्न थोडक्यात परत लिहिते म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तासगावकडच्या एका शाळेत तुमची सतरा वर्षांखालच्या मुलींची खो-खोची टीम आहे, चार मुलींच्या नडग्या दुखतायत, त्यातल्या एकीला रात्रीसुद्धा ठणकतं, स्पर्धा तीन आठवड्यांवर आलीय आणि टीव्हीवर खेळाडूंच्या पायाला निळ्या-काळ्या पट्ट्या बघितल्यात तशा लावल्या तर मुली खेळतील का, आणि कोणती टेप आणायची, असं तुम्ही विचारलंय. मी स्पोर्ट्स फिजिओ आहे, सांगली-मिरजेकडं बरीच वर्षं काम करते, खो-खो, कबड्डी आणि पोलीस भरतीची पोरं-पोरी हेच माझे जास्तीत जास्त पेशंट, त्यामुळं जरा लांबलचक सांगते, कंटाळू नका.

पहिल्यांदा ती रात्री ठणकणारी मुलगी. तिला टेप लावायची नाही, तिचा सराव आजपासून बंद आणि तिला उद्याच हाडाच्या डॉक्टरांकडं न्यायचं. का ते सांगते. नडगीच्या हाडाची आतली कड, म्हणजे घोट्याच्या आतल्या हाडापासून वर गुडघ्याकडं जाणारी, तिच्यावर अंगठ्यानं हळूहळू दाबत वर जायचं. साधं नडगीचं दुखणं असेल तर खालच्या अर्ध्या भागात चार बोटं किंवा त्याहून जास्त लांबीचा पट्टा दुखतो, नेमकी जागा दाखवता येत नाही, मुलगी हात वरखाली फिरवून "इथनं इथपर्यंत" असं सांगते. पण एकाच ठिकाणी, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर बोट ठेवल्यावर ती किंचाळली, किंवा बसल्या-झोपल्या दुखतंय, किंवा त्या एका पायावर उडीच मारता येत नाही, तर हाडाला बारीक चीर असायची शक्यता धरायची. दुखणं नडगीच्या अगदी समोरच्या धारेवर, मधोमध असेल तर जास्तच सावध, तिथली चीर लवकर जुळत नाही आणि खेळत राहिलं तर हाड पूर्ण मोडायची भीती असते. आणि एक, एक्सरे नॉर्मल आला म्हणून खूश होऊन परत ग्राउंडवर आणू नका, पहिले दोन-तीन आठवडे अशी चीर एक्सरेत बऱ्याचदा दिसतच नाही. डॉक्टरांना गरज वाटली तर ते एमआरआय सांगतील, मिरज तुम्हाला जवळच आहे, तिथं सोय आहे.

अजून एक प्रकार आहे जो टेपनं बिघडतो. पळायला लागल्यावर दहा-पंधरा मिनिटांत पोटरी किंवा नडगीच्या बाहेरची बाजू दगडासारखी घट्ट होते, पाऊल बधीर पडतं, चवडा उचलता येत नाही म्हणून पाऊल फटफट आपटायला लागतं आणि थांबलं की थोड्या वेळात सगळं गायब. यात स्नायूच्या आवरणाच्या आत दाब वाढलेला असतो, त्यावर वरून आवळून टेप गुंडाळणं म्हणजे दाबात अजून दाब. ही मुलगी पण डॉक्टरांकडं.

आता राहिलेल्या तिघी, ज्यांना आतल्या कडेला लांब पट्टा दुखतोय, सुरुवातीला दुखतं, अंग गरम झालं की कमी होतं आणि सराव संपल्यावर किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पहिली पावलं टाकताना परत दुखतं. यांना टेपचा उपयोग होऊ शकतो. पण टेप काय करते हे समजून घ्या, नाहीतर नुसती पट्टी चिकटवून पोरींना मैदानात सोडलं असं व्हायचं.

पळताना, उडी मारताना नडगीचं हाड दर पावलाला किंचित वाकतं, शिवाय पोटरीच्या आतला स्नायू त्या कडेला ओढत असतो. हाड जिवंत आहे, नवीन भार आला की ते आधी थोडं झिजतं आणि मग जास्त मजबूत होऊन बांधलं जातं, पण झिजायला वेळ लागत नाही आणि बांधायला आठवडे लागतात. म्हणून सराव एकदम वाढवल्यावर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात नडग्या दुखायला लागतात, त्या वेळी हाड सगळ्यात नाजूक असतं. तुमच्याकडं हेच झालं असणार बघा. उन्हाळ्याच्या सुट्टीत बंद, जूनमध्ये शाळा सुरू, पाऊस लागला, काळ्या मातीच्या ग्राउंडवर चिखल म्हणून सराव व्हरांड्यात नाहीतर हॉलच्या फरशीवर, आणि तालुका स्पर्धा तोंडावर म्हणून रोज दोन वेळा. फरशीवर खो घेऊन बसल्या जागेवरनं उसळी मारणं, ब्रेक मारून वळणं, हे शेकडो वेळा. दरवर्षी पावसाळ्यात माझ्याकडं नडगीचे पेशंट वाढतात त्याचं मोठं कारण मला ही फरशीच वाटते, आणि उन्हाळ्यात तीच काळी माती वाळून भेगाळली की ती पण फरशीपेक्षा काही मऊ राहत नाही.

यात पावलाचा भाग असा, की ज्या मुलींच्या तळव्याची कमान उभं राहिल्यावर फार खाली बसते त्यांचं पाऊल आत कलतं, त्याबरोबर नडगी आत पिळली जाते आणि आतल्या कडेवरची ओढ वाढते. म्हणून माझं मत असं की टेप पहिल्यांदा नडगीला नाही, तळव्याला लावायची. सगळे दुखतंय तिथं चिकटवतात, मी कमान उचलून बघते आणि मग नडगीवर काय फरक पडतो ते बघते. चेक करायला सोपं आहे. मुलीला खुर्चीवर बसवून, पाऊल नीट टेकवून, कमानीच्या वरच्या हाडाचा जो आतला उंचवटा दिसतो त्याची जमिनीपासून उंची मोजा, मग उभी करून परत मोजा. फरक एक सेंटिमीटरपेक्षा जास्त असला तर कमान बसतीय असं धरायचं आणि अशा मुलीला तळव्याची टेप चांगली लागू पडायची शक्यता जास्त.

कोणती टेप आणायची? दोन प्रकार असतात. एक पांढरी, न ताणणारी, झिंक ऑक्साईडची स्पोर्ट्स टेप, अडीच सेंटिमीटर आणि साधारण पावणेचार सेंटिमीटर रुंदीची मिळते, कमान धरून ठेवायला हीच. दुसरी रंगीत, ताणली जाणारी, जिला पोरं कायनेसिओ टेप म्हणतात, ती जपानच्या केन्झो कासे यांनी १९७० च्या दशकात काढली आणि २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकनंतर जगभर दिसायला लागली. रंगाला काही अर्थ नाही, निळीनं गार पडतं आणि लालनं शेक बसतो असं काही नसतं, कुठलीही घ्या. मेडिकलमध्ये जखमेवर लावायची कागदी पट्टी मिळते ती चालत नाही, तिला पकड नाही. आणि कृपा करून वायरिंगची टेप किंवा पार्सलची टेप लावू देऊ नका, मी लावलेली बघितलीय म्हणून लिहिते, चामडी सोलून निघते.

लावायच्या आधी आदल्या दिवशी हाताच्या आतल्या बाजूला छोटा तुकडा चिकटवून ठेवा, खाज सुटली किंवा लाल झालं तर त्या मुलीला ती टेप नाही. पाय साबणानं धुऊन पूर्ण कोरडा करायचा, तेल-क्रीम काही नको, घाम येत असेल तर स्पिरिटनं पुसा. जखम, पुरळ, फोड असेल तिथं लावायची नाही.

आता तळव्याची पद्धत नीट वाचा, हीच मुख्य आहे. मुलीला बाकावर पाय लांब करून बसवा, पाऊल बाकाच्या बाहेर, घोटा काटकोनात. तुम्ही समोर बसा. अडीच सेंटिमीटरची पट्टी घ्या, करंगळीच्या मुळाशी जे हाड आहे त्याच्या बाहेरच्या बाजूला सुरुवात करा, पावलाच्या बाहेरच्या कडेनं मागं जा, टाचेला मागनं वळसा घाला आणि आतल्या कडेनं पुढं येऊन अंगठ्याच्या मुळाच्या हाडावर संपवा. आतल्या कडेनं पुढं येताना दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं तिच्या पायाच्या अंगठ्याच्या मुळाचं हाड जरा खाली, तळव्याच्या दिशेनं दाबून धरायचं, म्हणजे कमान वर उचलली जाते आणि पट्टी ती तशीच पकडते. हे दाबणं विसरलात तर सगळी टेप वाया. मुलीला मात्र बोटं आखडू नको, पाय सैल सोड असं सांगा. अशा दोन-तीन पट्ट्या एकीवर अर्धी चढवून. पट्टी टाचेच्या मागं वर सरकून शिरेवर येऊ देऊ नका, खाली मांसल भागावर ठेवा, नाहीतर पळताना कापतं.

मग रुंद पट्ट्या तळव्याखालून आडव्या. बाहेरच्या कडेपासून सुरुवात, तळव्याखालून आतल्या कडेला, आणि आत पोचताना हलकं वर ओढून चिकटवायची. दिशा उलटी झाली की कमान उचलायच्या ऐवजी खाली ओढली जाते, त्यामुळं दर पट्टीला मनात म्हणा, बाहेरून आत, आत वर. टाचेच्या पुढच्या टोकापासून सुरू करून चवड्याच्या मागंपर्यंत, प्रत्येक पट्टी आधीचीवर अर्धी. चवड्यावर टेप नको, तो मोकळा पाहिजे. शेवटी पहिल्यासारखी एक पट्टी कडेनं फिरवून सगळी टोकं दाबून टाका. पावलाच्या वरच्या बाजूला टोकं बांधायला पट्टी लावायची असली तर मुलीला उभी करून लावा, न ओढता, कारण उभं राहिल्यावर पाऊल पसरतं आणि बसून घट्ट लावलेली पट्टी तिथं करकचून बसते. सुरकुती राहू देऊ नका, सुरकुतीच्या जागी फोड येतो.

लावल्यावर लगेच बघायचं. बोटांचं नख दाबून सोडा, पांढरं झालेलं दोन सेकंदात परत गुलाबी व्हायला पाहिजे. मुंग्या, बधीरपणा, बोटं गार पडणं, यातलं काहीही झालं तर काढून परत सैल लावा. आणि खरी परीक्षा ही, की टेप लावायच्या आधी तिला त्या पायावर पाच उड्या आणि पन्नास मीटर हळू पळायला लावून दुखणं दहापैकी किती ते विचारलेलं असलं पाहिजे, टेप लावून परत तेच करायचं. दहापैकी सहाचं तीन झालं तर छान, या मुलीच्या दुखण्यात पावलाचा हात आहे, तिला बुटात कमानीचा आधार, पावलाचे व्यायाम यांचा फायदा होईल हे पण त्यातनं कळलं. काहीच फरक नाही पडला तर त्या मुलीला ती टेप लावत बसू नका, टेप संपते आणि पोरीला उगाच वाटतं की आपला इलाज चालू आहे.

अनवाणी खेळणाऱ्या मुलींचा प्रश्न वेगळा. मातीवर तळव्याची टेप धूळ खाऊन पाच मिनिटांत सुटते आणि मॅटवर ती घसरते, घसरून गुडघा मुरगळला तर भलतंच होऊन बसायचं. त्यामुळं तळव्याची टेप लावली की मोजे आणि बूट घालूनच खेळायचं. तरी पण घामानं आणि हालचालीनं न ताणणारी टेप वीस-तीस मिनिटांत बरीच ढिली पडते, म्हणजे मॅच असेल तर ती वॉर्मअपच्या जरा आधी लावायची, सकाळी घरनं निघताना नाही, आणि दुसऱ्या डावाच्या आधी एकदा तपासायची. खेळ झाला की काढायची. रात्रभर ठेवायची नाही. काढताना ओरबाडायची नाही, कडेला खोबरेल तेल लावून, चामडी एका हातानं दाबून धरून केसांच्या दिशेनं हळूहळू.

अनवाणीच खेळायचं असेल किंवा पांढऱ्या टेपची ॲलर्जी असेल तर ताणणाऱ्या टेपची एक पद्धत आहे. पाच सेंटिमीटर रुंदीची लांब पट्टी कापा, कोपरे गोल करा म्हणजे मोज्यात अडकून सुटत नाहीत. पावलाच्या वरच्या भागावर बाहेरच्या बाजूला टोक न ताणता चिकटवा, तळव्याखालून कमानीच्या जागी आत आणताना पट्टी अर्धीअधिक ताणा, आतल्या घोट्याच्या पुढनं वर नेऊन नडगीच्या दुखणाऱ्या आतल्या कडेवरनं गुडघ्याच्या खाली चार बोटं अंतरावर आणा, नडगीवर ताण अगदी थोडा, आणि शेवटची चार-पाच सेंटिमीटर बिलकुल न ताणता. दोन्ही टोकं न ताणलेली पाहिजेत, चामडी ओढून फोड येतात ते टोकं ताणल्यामुळंच. मग हातानं जोरात घासा, गरम झाल्यावर डिंक धरतो, आणि खेळायच्या निदान अर्धा तास आधी लावा. ही दोन-तीन दिवस राहू शकते, आंघोळ चालते. आधार पांढऱ्या टेपएवढा नाही, पण काही मुलींना दुखणं चांगलं कमी वाटतं, चामडीवरच्या स्पर्शानं मेंदूकडं जाणारा दुखण्याचा निरोप थोडा दबतो असं मानलं जातं, आणि पाऊल टेकताना आतल्या बाजूवर येणारा भार जरा सावकाश येतो असंही दिसलेलं आहे. तळव्याखालचा भाग अनवाणी खेळताना हिचाही लवकर खराब होतो, तेवढं धरून चला.

नडगीला गोल गोल न ताणणारी टेप गुंडाळायची नाही, हे मुलींना पण सांगून ठेवा, कारण त्या एकमेकींना बघून स्वतःच गुंडाळतात. खेळताना पोटरी फुगते, टेप फुगत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. टेपनं दुखणं कमी होतं, हाड भरत नाही. तार एकाच जागी परत परत वाकवली तर तुटते, तिच्यावर कापड गुंडाळलं म्हणून वाकणं थांबत नाही. त्यामुळं टेप लावून दुखत नाही म्हणून सराव वाढवायचा, हे करू नका, मॅडम, हात जोडून सांगते. टेप लावून जो सराव करायचा तो टेप नसताना दुखणं न वाढता जेवढा झाला असता तेवढाच. खेळायच्या आधी पेनकिलर घेऊन वर टेप, हे तर अजिबात नको, दुखणं हीच तुमच्याकडची एकमेव खूण आहे आणि ती पण गेली तर हाडाला काय चाललंय हे कुणालाच कळणार नाही.

तीन आठवडे आहेत ना, मग असं करा. पहिला आठवडा तिघींच्या उड्या, पळणं, डाईव्ह सगळं बंद, फरशीवरचा सराव तर पूर्ण टीमचाच बंद करा, मॅट मिळत नसेल तर पाऊस उघडल्यावर मुरमाच्या मैदानाचा कोपरा तरी बघा. या दिवसांत चालत चालत खो द्यायचा-घ्यायचा, हात, नजर, दिशा बदलायचा अंदाज, साखळीत कुणामागं कुणी जायचं हे सगळं होतं, सायकल चालते. दुखणाऱ्या जागी कापडातनं बर्फ दहा-पंधरा मिनिटं. एक दिवस आड टाचा उचलायचा व्यायाम, भिंतीला हात लावून, बारा-पंधराचे तीन सेट, एकदा गुडघे सरळ ठेवून आणि एकदा गुडघे थोडे वाकवून, वाकवलेला प्रकार सोडू नका, आतला स्नायू त्यानंच बनतो. जमायला लागलं की एका पायावर. त्याबरोबर भिंतीला पाठ टेकून, टाचा भिंतीपासून फूटभर पुढं ठेवून चवडे उचलणं. नुसतं स्ट्रेचिंग करून हे दुखणं जाताना मी तरी फारसं बघितलेलं नाही, ताकदीनं जातं.

अर्धा तास भराभर चालून दुखत नसेल तर दुसऱ्या आठवड्यात एक मिनिट पळणं, एक मिनिट चालणं, दहा वेळा, एक दिवस आड. पावलं लहान आणि भराभर टाकायला लावा, लांब ढांग टाकून टाच पुढं आपटली की नडगीवर जास्त येतं. नियम एवढाच, करताना दुखणं दहापैकी तीनच्या वर जाता कामा नये आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पूर्ववत झालेलं असलं पाहिजे. सकाळी जास्त दुखलं तर मागच्या पायरीवर. तिसऱ्या आठवड्यात हे टेप लावून, बूट घालून खऱ्या हालचालींकडं न्यायचं, आधी सरळ, मग वळणं, शेवटी ब्रेक आणि उसळी.

स्पष्ट सांगते, तीन आठवड्यांत तिघीही तयार होतीलच असं नाही. दुखणं महिन्याभरापेक्षा जुनं असेल तर दोन-तीन महिनेही लागतात.

एक गोष्ट तुम्ही बाई आहात म्हणून तुम्हीच विचारू शकता. पाळी नियमित येते का? तीन महिने आली नाही, किंवा पंधरा-सोळाव्या वर्षापर्यंत सुरूच झाली नाही, आणि पोरगी पहाटे नुसत्या चहा-बिस्किटावर सरावाला येते, दुपारी डब्यात दोन घास, तर हाडाला बांधायला मालच मिळत नाही आणि अशा मुलींच्या नडगीला चीर जायचं प्रमाण जास्त असतं. आयांना बोलवा. महागाची पावडर सांगू नका, सरावाच्या आधी केळं किंवा गूळ-शेंगदाणे, नंतर भाकरी, उसळ, दूध, अंडं खात असतील तर अंडं, नाचणी, पोटभर. पाळीची तक्रार असेल तर डॉक्टर, आणि हिमोग्लोबिन, व्हिटॅमिन डी एकदा तपासून घेतलेलं बरं. वजन कमी कर म्हणजे पळशील, असं कुणी त्यांना सांगत असेल तर ते आधी थांबवा.

बूट बघताना टेबलावर ठेवून मागनं बघा, टाच आत कललेली असेल, तळ एका बाजूनं घासला असेल तर बदलायला सांगा. घरात एकच जोड असतो, तोच शाळेला आणि तोच ग्राउंडला, मला माहितीय, तरी जमेल तेव्हा.

आणि स्पर्धेच्या आदल्या दिवशी निवड कशी करायची तेही लिहिते, कारण त्या दिवशी मुली रडतात, पालक फोन करतात आणि आपलं मन डळमळतं. टेप न लावता तपासायचं. आतल्या कडेवर दाबून आधीपेक्षा स्पष्ट कमी दुखतंय का, त्या एका पायावर सलग दहा उड्या दुसऱ्या पायाएवढ्याच उंचीच्या येतात का, वीस मीटर जोरात पळून ब्रेक मारून वळता येतं का आणि हे करून दुसऱ्या दिवशी सकाळी, म्हणजे मॅचच्या दिवशी, उठल्यावरची पहिली पावलं न दुखता पडतात का. चारही जमलं तर टेप लावून एक डाव खेळवा, पूर्ण मॅच नको, पहिल्या तीनच्या तुकडीत उभी करू नका. एक जरी अडलं तर ती बाकावर बसेल, किट घालून टीमबरोबर येईल, पण मैदानात नाही. चौथ्या मुलीचे रिपोर्ट आले की कळवा, चीर निघाली तर तिचं पळणं परत कधी आणि कसं सुरू करायचं ते तिच्या डॉक्टरांशी बोलूनच लिहून देते.